जंतुदोष आणि तज्ज्ञाची साक्ष : १९९६ च्या एका निकालाचे परीक्षण

शस्त्रक्रियेनंतर जंतुदोष होऊन प्रकरण न्यायालयात गेले, म्हणजे प्रतिवादी पक्षाच्या तज्ज्ञाकडून एक विधान बहुधा येतेच : सर्व काळजी घेऊनही असा दोष उद्भवू शकतो. विधान खरे आहे. निर्जंतुक उपकरणे, त्वचेची शुद्धी, छेद घेण्यापूर्वी दिलेले प्रतिजैविक यांनी धोका घटतो, नाहीसा होत नाही. परंतु न्यायालयापुढील प्रश्न असा दोष होऊ शकतो काय, हा नसतोच. याच रुग्णाच्या बाबतीत तो कशाने झाला, केव्हा ओळखता आला असता, आणि वेळीच ओळखला असता तर परिणाम टळला असता काय, हे तीन प्रश्न असतात. तज्ज्ञ पहिल्याच प्रश्नाभोवती घोटाळत राहतो आणि उरलेले दोन अनुत्तरित राहतात.

या दृष्टीने सर्वोच्च न्यायालयाचा २० फेब्रुवारी १९९६ चा निकाल तपासण्याजोगा आहे. प्रकरण तत्कालीन औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयातील होते. प्रसूतीनंतर १३ जुलै १९६३ रोजी एका स्त्रीवर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. लवकरच तीव्र ताप आणि असह्य वेदना सुरू झाल्या. १५ तारखेस दुसऱ्या एका शल्यविशारदाने पोट पुन्हा उघडण्याचे सुचविले, परंतु ती सूचना मानली गेली नाही, असे वादीपक्षाचे म्हणणे होते. १९ तारखेस त्याच शल्यविशारदाने जखम उघडली. पोटात राहिलेला टॉवेल आणि साचलेला पू आढळला. २४ जुलै रोजी रुग्ण दगावली. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला. उच्च न्यायालयाने तो फिरविला. आणि सर्वोच्च न्यायालयाने शासनाला जबाबदार धरून तो पुन्हा प्रस्थापित केला. तोवर तेहतीस वर्षे लोटली होती.

निकालाची विचारसरणी सरळ आहे. पोटात टॉवेल राहणे ही घटनाच निष्काळजीपणा सांगते. तेथे ‘रेस इप्सा लोक्विटर’ हे तत्त्व लागू पडते. मृत्यू दुसऱ्या शस्त्रक्रियेमुळे झाला असे गृहीत धरले, तरी टॉवेल राहिला नसता तर ती शस्त्रक्रियाच करावी लागली नसती, हा न्यायालयाचा युक्तिवाद कार्यकारणाच्या दृष्टीने अत्यंत मार्मिक आहे. तज्ज्ञांच्या मतभेदात अडकून पडलेला वाद त्याने एका फटक्यात मोकळा केला.

तथापि येथेच निकालाची मर्यादाही दिसते. त्याचा सारा भार टॉवेलवर आहे. दूषित जखमांपैकी बहुतेकींत टॉवेल नसतो. असतो तो केवळ पू. अशा प्रकरणांना उपयोगी पडले असते ते १५ ते १९ जुलै या चार दिवसांचे विवेचन. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन दिवसांतील ताप पुष्कळदा जंतुदोषाचा नसतो, हे शल्यशास्त्र जाणते. पण पोट ताठर होणे, नाडी चढत जाणे आणि वेदना वाढतच राहणे यांचा अर्थ निराळा असतो. कोणत्या दिवशी, कोणत्या चिन्हावरून पोट उघडणे अपरिहार्य झाले, याचे उत्तर केवळ तज्ज्ञच देऊ शकतो. तो मापदंड निकालाने घालून दिला असता, तर टॉवेल नसलेल्या रुग्णांनाही त्याचा आधार मिळाला असता.

आपल्या न्यायालयांनी स्वीकारलेली इंग्लंडमधील १९५७ ची बोलॅम कसोटी या बाबतीत तज्ज्ञाला फार सवलत देते. जबाबदार व्यावसायिकांच्या एका गटाला जी पद्धती मान्य, ती निष्काळजीपणाची नव्हे. १९९७ च्या बोलिथो निकालाने तीस लगाम घातला : ते मत तर्काच्या कसोटीसही उतरले पाहिजे. ‘मीही थांबलो असतो’ एवढे म्हणून साक्षीदाराची सुटका होऊ नये. कशाची वाट पाहात थांबला असता, हे त्याला विचारलेच पाहिजे. उलटतपासणीत हा प्रश्न क्वचितच पडतो, ही खेदाची गोष्ट होय.

तज्ज्ञाचे मत प्रत्येक वेळी हवेच काय, यावर सर्वोच्च न्यायालयातच एकवाक्यता नव्हती. २००९ मध्ये तक्रार प्रथम तज्ज्ञांकडे पाठवावी असा दंडक घातला गेला. २०१० मध्ये तो सरसकट लागू नाही असे ठरले. दुसरी भूमिका अधिक ग्राह्य आहे, पण तिच्याने जंतुदोषाची अडचण सुटत नाही, कारण येथे घटना स्वतः क्वचितच बोलते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ३९ जुन्या कायद्याच्या कलम ४५ प्रमाणेच तज्ज्ञाचे मत संबद्ध मानते. त्याचे वजन ठरविणे न्यायाधीशाकडेच राहते.

आणि ते वजन ठरवावयाचे कशावरून? ताप-नाडीचा तक्ता, प्रतिजैविक दिल्याची वेळ, पुवाच्या तपासणीचा अहवाल, हे सारे प्रतिवादीच्याच कपाटात असते. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागितल्यास ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. औरंगाबादच्या दाव्याला लागलेल्या काळाशी या मुदतीची तुलना करून पाहावी.