संत्रा बर्फी : एक आक्षेप

महालातून पुण्याला बहिणीकडे निघालो, की संत्रा बर्फीचा डबा न्यावाच लागतो. या खेपेस तिने वडी मोडली नि म्हणाली, "दादा, रंग तेवढा नागपूरचा!" मी रागावलो, मग चाखली.

संत्र्याचे बहार दोन. आंबिया दिवाळीच्या आगेमागे, मृग फेब्रुवारी-मार्चात. बर्फी मात्र बारमाही! संत्र्याचा रस तापवला की कडवटतो. म्हणून त्या वडीत गर नावापुरता, बाकी खवा, साखर आणि इसेन्स. पण तो किंचित कडवटपणाच वगळला, तर संत्रे उरले कुठे? २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेही फळाला, वडीला नव्हे.

पुढल्या खेपेस मी आंबियाची करंडीच नेणार आहे. डबा तिने ठेवून घेतला आहे, शेवयांसाठी.