वाचलेला चेहरा

उल्हासनगर कॅम्प २ मध्ये गजानन मार्केटच्या मागच्या अंगाला फ्रेम करून देणारं एक चिंचोळं दुकान आहे. काच बसवायला आलेली चित्रं तिथे भिंतीला टेकवून ठेवलेली असतात. गेलो की माझं काम बाजूला ठेवून मी आधी ती बघतो. अंबरनाथ, बदलापूर, विठ्ठलवाडीकडची पोरं आपली स्केचेस इथे आणून देतात. गेल्या खेपेला अकरा होती. चार जोकर, दोन बाहुबली, तीन नारुतो, कुणाचे तरी आजोबा, आणि एका कोपऱ्यात, माझ्या ध्यानीमनी नसताना, फास्टर फेणे.

मी ते चित्र उचलून उजेडात नेलं. चारकोल आणि पेन्सिल. पापणीचा केस न केस मोजून घ्यावा असा, नाकाच्या शेंड्यावरचा प्रकाश खोडरबराने नेमका उचललेला. हात तयार होता, यात वादच नाही. पण तो चेहरा भा. रा. भागवतांच्या बनेश फेणेचा नव्हता. तो २०१७ च्या चित्रपटातल्या अमेय वाघ यांचा होता, आणि तोही चित्रपटाच्या एका छायाचित्रातून चौकटी आखून जसाच्या तसा उतरवलेला. खाली नाव मात्र ‘फास्टर फेणे’.

कल्पित पात्राचं व्यक्तिचित्र ही कला आपल्याकडे आज कुठे आहे, असं मला कुणी विचारलं तर मी हेच चित्र दाखवीन. हात इतके तयार पूर्वी क्वचितच असतील. आणि वाचणारा डोळा इतका बाजूला पूर्वी पडला नसेल.

जिवंत माणसाचं व्यक्तिचित्र काढताना माणूस समोर बसलेला असतो. चित्रकार चुकला तर ताडून बघता येतं. कल्पित पात्राचं तसं नाही. त्याचा चेहरा कुणीच पाहिलेला नसतो. लेखकाने पाहिला असेल तर त्यानेही तो शब्दांत अर्धामुर्धाच दिलेला असतो. उरलेला अर्धा चित्रकाराने वाचून, मनात घोळवून, ठरवायचा असतो. राजा रविवर्म्यांची शकुंतला अशीच ठरवलेली आहे. पुढे घाटकोपरला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला चाललेल्या त्यांच्या छापखान्याने अशा चेहऱ्यांचे ओलिओग्राफ घराघरांत नेले आणि आपल्या आज्या-पणज्यांच्या मनात पुराणातल्या नायिका नऊवारी नेसून उभ्या राहिल्या. त्या निवडीवर टीका करता येईल. पण ती निवड होती. चित्रकाराने काहीतरी ठरवलं होतं.

शेरलॉक होम्सचंही तेच. १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकात सिडनी पॅजेट यांनी त्याला काढलं, ते आपल्या भावाचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून, असं म्हणतात. कॉनन डॉयल यांच्या मनातला होम्स याहून बराच कमी देखणा होता. कानांवर पट्ट्या असलेली ती प्रसिद्ध शिकारी टोपीही पॅजेट यांचीच देणगी. मूळ कथांत तिचं नाव कुठेही येत नाही. आज ती टोपी काढली तर होम्स ओळखू येणार नाही. एका चित्रकाराचं वाचन जगाने खरं मानलं, एवढी ताकद या कलेत आहे.

मराठीत ही ताकद मला सगळ्यांत स्वच्छ दिसते ती वसंत सरवटे यांच्या ठणठणपाळात. ‘ललित’ मासिकात जयवंत दळवी ठणठणपाळ या नावाने सदर लिहीत. लेखक टोपणनावामागे, म्हणजे उतरवून घ्यायला चेहराच नाही. हाताशी होता फक्त लेखनाचा सूर: मोठमोठ्यांना न भिता ठोकणारा, पण डूख न धरणारा. सरवट्यांनी त्या सुरातून माणूस घडवला आणि त्याच्या हाती भलाथोरला घण दिला. वाक्याची लय रेषेत कशी येते हे ज्याला शिकायचं असेल, त्याने तो घण बघावा. सरवटे (१९२७–२०१६) पेशाने इंजिनिअर होते आणि ‘रेषालेखक’ म्हणून ओळखले जात. तो शब्द मला फार मोलाचा वाटतो. त्यात लेखन आहे, आणि लेखनाच्या आधी वाचन आहे.

मग हे सुटलं कुठे? सगळा दोष मोबाइलवर टाकणं सोपं आहे, पण खरं नाही. चिं. वि. जोश्यांच्या चिमणरावाला पडद्याने दोनदा चेहरा दिला. १९४२ च्या ‘सरकारी पाहुणे’मध्ये दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे आले. आज साठीच्या वाचकाला चिमणराव म्हटलं की प्रभावळकरच दिसतात. त्याच्या वडिलांना दामुअण्णा दिसत. नट बदलला तसा चेहरा बदलला, मूळ पुस्तक जागच्या जागी राहिलं. पडद्याचा चेहरा फार जबर असतो. सत्यजित राय यांच्यासारखा माणूसही त्यातून सुटला नाही. फेलूदा या गुप्तहेराच्या कथा त्यांच्याच, चित्रंही त्यांचीच. १९७४ च्या ‘सोनार केल्ला’ या चित्रपटात संतोष दत्त यांनी फेलूदाचा सोबती जटायू साकारला, आणि त्यानंतर रायांच्या रेखाटनांतला जटायू हळूहळू संतोष दत्तांसारखा दिसू लागला. अशोक जैन यांच्या मराठी अनुवादांतून फेलूदा वाचलेल्यांनी ही चित्रं जरूर शोधून पाहावीत. पण रायांनी नटाचा चेहरा आत घेतला आणि आपल्या रेषेतून बाहेर काढला. फ्रेमच्या दुकानातल्या चित्रात ही मधली पायरीच गाळलेली आहे.

पोरांशी बोललो की कारण लगेच कळतं. पहिला प्रश्न असतो, ‘रेफरन्स आहे का?’ रेफरन्स म्हणजे फोटो. फोटोवर चौकटी, कागदावर चौकटी, मग एकेक घर भरत जायचं. शेवटी शेडिंग, ब्लेंडिंग. वाढदिवसाच्या, लग्नाच्या ऑर्डरी अशाच होतात आणि त्यातून कॉलेजची फी निघते. त्या कष्टाला मी नावं ठेवणार नाही. रात्री अकराची बदलापूर लोकल पकडून घरी जाऊन दोन वाजेपर्यंत केस काढत बसणारा मुलगा आळशी नसतो. त्याला कुणी सांगितलेलंच नाही, की पुस्तकाचं पान हाही रेफरन्स असतो.

शाळेनेही नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांत स्मरणचित्र हा विषय आहे. आमच्या पिढीने त्यासाठी बाजार, बसथांबा, होळी, गणपतीची मिरवणूक घोटून घोटून काढली. माणसं भरपूर असत, माणूस एकही नसे. एखादा उतारा वाचून दाखवायचा आणि त्यातल्या पात्राचा चेहरा काढायला सांगायचा, एवढं साधं काम माझ्या अख्ख्या शालेय आयुष्यात एकदाही कुणी दिलं नाही. ते मिळालं असतं तर मी कदाचित चित्रकार झालो नसतो, पण वाचक लवकर झालो असतो.

फास्टर फेणेच घ्या. फुरसुंगीचा किडकिडीत पोरगा, चौकड्यांचा शर्ट, सायकल. हे सगळ्यांना येतं. पण फेणे ओळखायचा तो त्याच्या ‘ट्टॉक्’वरून. आता हा ‘ट्टॉक्’ काढायचा कसा? जीभ टाळूला लागून नुकती सुटलेली, ओठ किंचित उघडे, डोळे अजून कोड्यात अडकलेले पण भुवई पुढे गेलेली. हा एक क्षण कागदावर आला तर शर्ट कुठलाही चालेल, सायकलही नको. असा फोटो कुठे मिळत नाही. आरशासमोर उभं राहून स्वतः ‘ट्टॉक्’ करून बघावं लागतं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. नारुतो काढणाऱ्या पोरांकडे मी बरीच वर्षं दुर्लक्ष केलं. जपानी कार्टूनची नक्कल म्हणून आमच्यातले कलाशिक्षकही त्यांना हिणवतात. त्या अकरा चित्रांतले तीन नारुतो मी नीट पाहिले तेव्हा माझं मत बदललं. एकात तो पावसात, फलाटासारख्या कशावर तरी, डबा उघडून बसला होता. दुसऱ्यात तो चक्क म्हातारा होता. मासाशी किशिमोतो यांच्या मालिकेत हे प्रसंग असे नाहीत. ते या पोरांनी रचलेत. मुळात रेषेतच जन्मलेलं पात्र असल्यामुळे त्याला नटाचा चेहरा चिकटलेला नाही आणि पोरांचा हात मोकळा राहिला आहे. चारकोलमधल्या चारही जोकरांपेक्षा तो पावसातला नारुतो मला सरवट्यांच्या अधिक जवळचा वाटला. शेडिंग कच्चं होतं, खांदा चुकला होता. तरी तो कुणीतरी आधी मनात पाहिलेला होता.

आणि ज्या गावात हे दुकान आहे त्या गावाचीही एक लाडकी नायिका आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं इथल्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ ला गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. त्या माणसांनी सोबत सिंधी कवी शाह अब्दुल लतीफ यांच्या काव्यातली मारुई आणली. मलीरच्या या मुलीला उमर राजाने उचलून उमरकोटच्या वाड्यात ठेवलं. तिने रेशीम नाकारलं, अंगावरची लोकरीची लोई उतरवली नाही, केस विंचरले नाहीत. तिचं सगळं लक्ष आपल्या माणसांकडे आणि गावच्या पावसाकडे. घर सुटलेल्यांना ती किती आपली वाटली असेल, हे सांगायला नको. मी दुकानदाराला विचारलं, कुणी मारुई काढून आणतं का? तो म्हणाला, कधीच नाही. मग थोडं थांबून त्याने आपल्या आईकडून ऐकलेली मारुई मला हातवारे करून सांगितली: लोई डोक्यावरून कशी येते, तिचं टोक मुठीत कसं धरलेलं असतं, आणि ती खिडकीशी उभी असते तर तोंड कोणत्या दिशेला असतं.

चित्रासाठी एवढं पुरेसं आहे. त्या लोईचा रंग कोणता, वीण कशी, हे विचारायला सिंध पाहिलेली माणसं कॅम्पात अजून आहेत. फाळणीच्या वेळी जी दहा वर्षांची होती, ती आता नव्वदीला टेकली आहेत.