कोहळा, ऑर्क आणि बळी

आश्विन शुद्ध पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते. तिथे कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात. कोहळा म्हणजे कोल्हासुर. तो फुटला की तुकड्यांसाठी झुंबड उडते आणि मिळालेला तुकडा लोक श्रद्धेने घरी नेतात. देवीने ज्याला मारले, त्याचेच नाव शहराला आहे. ते त्याने मरताना वर म्हणून मागितले, अशी आख्यायिका आहे. दुष्टाच्या वाट्याला एवढा मान कसा आला, हा प्रश्न मला एका परक्या खेळामुळे नव्याने पडला.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा पात्राची भूमिका घेऊन खेळायचा अमेरिकी खेळ १९७४ चा. प्रत्येक पात्राला वंश असतो आणि नैतिक बाजूही. शिस्त की बेशिस्त, सज्जन की दुष्ट, अशी ९ घरांची चौकट त्यासाठी आहे. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये ऑर्क ही अख्खी जमात 'शिस्तबद्ध दुष्ट' होती. २००० साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीत ती 'बेशिस्त दुष्ट' झाली. जमातीच्या जमाती दुष्ट रंगवणे चूक आहे, अशी भूमिका प्रकाशकांनी २०२० मध्ये घेतली. २०२४ च्या खेळाडूंच्या पुस्तकात तर ऑर्क होऊनच खेळता येते, आणि 'वंश' हा शब्दही गेला.

हा बदल स्वागतार्ह आहे. जन्मावरून चारित्र्य ठरवणारी चौकट काय करते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण ऑर्क निर्दोष ठरला, तर आजवर खेळात कापलेल्या ऑर्कांचे काय? पान बदलले, हिशेब राहून गेला.

असुरांचीही बाजू बदलत आली आहे. ऋग्वेदात वरुणालाही असुर म्हटले आहे. पुढे हाच शब्द देवांच्या वैऱ्यांना लागला. इराणात उलट घडले: अहुर पूज्य, दएव त्याज्य. म्हणजे बाजू वंशापेक्षा सांगणाऱ्यावर ठरते. बलिप्रतिपदेला आपण ज्याला पुजतो तो बळी असुरच. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) त्याला न्यायी राजा, वामनाला आक्रमक आणि म्हसोबा-खंडोबांना बळीचे अधिकारी ठरवले. त्यांच्या व्युत्पत्ती भाषाशास्त्राला पटणार नाहीत. पण कथा कोणी रचली, हा त्यांचा प्रश्न टाळता येत नाही.

कोल्हापूरची रीत या दोन्हींहून वेगळी आहे. इथे कोल्हासुर सज्जन ठरत नाही आणि त्याचा वधही पुसला जात नाही. जिंकणाऱ्यांनी वधाची आठवण ठेवायची आणि हरलेल्याचे नाव चालवायचे, असा हा करार आहे. तो पुरता न्याय नव्हे, कारण कथा अजून देवीच्याच बाजूने सांगितली जाते. फुल्यांचा प्रश्न इथेही लागू पडतो. तरीही, नियमपुस्तकाने ऑर्कला चांगुलपणा बहाल करून त्याचे मरण विस्मृतीत ढकलले, त्यापेक्षा चांगुलपणा न देता मरण लक्षात ठेवणारी ही रीत मला अधिक प्रामाणिक वाटते.