हायड्रोजन बंध नेहमीच वरचढ?

अकरावीच्या रसायनशास्त्राच्या मार्गदर्शकांत आंतररेण्वीय बलांची एक उतरंड दिलेली आढळते : हायड्रोजन बंध सर्वांत प्रबळ, त्याखाली द्विध्रुव-द्विध्रुव आकर्षण आणि तळाला लंडन बल. विद्यार्थी ती पाठ करतात, गुणही मिळवतात. पण हीच उतरंड घेऊन आपण कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर गेलो तर?

काहिलीत उसाचा रस उकळून फेस वर येऊ लागला, की गुळव्या त्यात थोडे तेल सोडतो, फेस बसतो. सुमारे ११८ अंश सेल्सिअसला काहील चुलवाणावरून उतरते, तोवर बहुतेक पाण्याची वाफ झालेली असते. तेल मात्र मागे राहते. पाण्याच्या रेणूंमध्ये हायड्रोजन बंध असतात. तेलाच्या रेणूंमध्ये ते नसतात; तिथे मुख्य आधार लंडन बलाचाच. उतरंड सरसकट खरी असती, तर तेल आधी उडून जायला हवे होते!

गफलत कुठे आहे? उतरंड एका बंधाची तुलना करते. उकळताना मात्र अख्खा रेणू सुटावा लागतो. फ्रिट्झ लंडन यांनी १९३० साली उलगडलेले हे बल इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक हेलकाव्यांतून निर्माण होते. ते प्रत्येक रेणूत असते आणि इलेक्ट्रॉन वाढले की वाढते. तेलाच्या एका रेणूत पन्नासहून अधिक कार्बन अणू असतात. थेंबे थेंबे तळे साचे!

हायड्रोजन क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड या क्रमाने ध्रुवीयता घटते. उत्कलनबिंदू मात्र उणे ८५, उणे ६७, उणे ३५ असे चढत जातात. इथेही तळातले बलच निर्णायक ठरते.

म्हणून उतरंड टाकाऊ ठरत नाही. ब्युटेन (रेणुभार ५८) उणे ०.५ अंशाला उकळते, ॲसिटोन (५८) ५६ला, तर १-प्रोपेनॉल (६०) ९७ला. इथे ती चोख लागू पडते, कारण रेणू जवळपास सारख्याच आकाराचे आहेत. नेमकी हीच अट मार्गदर्शकांतून गळते. मग स्वयंपाकघरात रोज दिसणारे तेल-पाणी आणि वहीतले उत्तर यांची गाठच पडत नाही.

तेव्हा ‘सर्वांत प्रबळ बल कोणते?’ हा प्रश्न बाजूला ठेवून वर्गात असे विचारून पाहावे : पाणी १०० अंशाला उकळते, हायड्रोजन बंध नसलेले ऑक्टेन १२६ला, असे का?