खरखर खाते

आमच्या लहानपणी भीमसेन जोशी खरखरीसकट गात. एलपीची एक बाजू विसेक मिनिटांची. राग रंगात आला की उठायचं, तबकडी उलटायची, सुई पुसायची. १९८२ साली सीडी बाजारात आली. ७४ मिनिटं, सेकंदाला ४४,१०० नोंदी आणि खरखर शून्य! बँकेतल्या माणसाला याहून चोख खतावणी कुठली? मान्य, हिशेब सीडीचाच बरोबर. तानपुरासुद्धा तिच्यावरच स्वच्छ ऐकू येतो. पण सीडी लावून मी भाजी निवडतो आणि गाणं कधी संपलं ते सौभाग्यवतींना विचारतो. तबकडीपुढे मात्र वडील नि मी जागचे हलत नसू. न जाणो, सुई अडकली तर! तेवढी २० मिनिटंच आमचं एकमत असे. तेव्हा आवाज सीडीचा सरस, श्रोता तबकडीचा.