ओकणारे बाळ, घट्ट पेज आणि पुरावा

आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकेचे बाळ चार महिन्यांचे झाले आणि दिवसातून पाच-सहा वेळा दूध काढू लागले. पाजून झाले, ढेकर काढण्यासाठी खांद्यावर घेतले, की पदरावर दुधाची गुळणी. बाळ हसरे होते, वजनही वाढत होते. पण घरच्यांचा धीर सुटला. सासूबाई म्हणाल्या, "अंगावरचे दूध पातळ आहे, म्हणून पोटात ठरत नाही. पेज सुरू कर." शेजारणीने बालसंगोपनाचे एक पुस्तक आणून दिले. त्यातही ओकणाऱ्या बाळाला घट्ट आहार लवकर सुरू करावा असेच लिहिले होते. शिक्षिकेची रजा संपत आली होती, त्यामुळे अंगावरचे दूध तोडावे की काय, असाही विचार घरात चालला होता. त्यांनी आम्हाला विचारले, "तुम्ही विज्ञानाची माणसे. यात तथ्य किती?"

आम्ही तो सल्ला नीट वाचून पाहिला. दोन-चार ओळींचाच होता, पण त्यात तीन विधाने एकमेकांत मिसळलेली होती. बाळ ओकते म्हणजे त्याला दूध पचत नाही, हे पहिले विधान. घट्ट अन्नाने ओकणे थांबते, हे दुसरे. आणि ओकणे थांबले म्हणजे बाळाचे भले झाले, हे तिसरे. अशा पुस्तकांबद्दल आमची मुख्य तक्रार हीच आहे, की ती तीनही विधाने एका दमात सांगतात आणि वाचकाला ती वेगवेगळी तपासू देत नाहीत. आपण ती एकेक करून तपासू.

दूध वर का येते?

अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंचा एक वेढा असतो. घास गिळताना तो सैल होतो, एरवी आवळलेला राहतो. पण अधूनमधून तो काही न गिळताही क्षणभर सैल होतो. मोठ्या माणसांतही हे घडते. आपल्याला ते जाणवत नाही, कारण आपण बराच वेळ उभे किंवा बसलेले असतो आणि आपली अन्ननलिका लांब असते. बाळाची अन्ननलिका आखूड, जठर लहान, आहार सगळा पातळ आणि दिवसाचा बराच वेळ आडवे राहण्यात जातो.

आहाराचे प्रमाणही लक्षात घ्यावे. सहा किलो वजनाचे बाळ दिवसाला साधारण ८०० मिलिलिटर दूध पिते. साठ किलोच्या माणसाने याच प्रमाणात प्यायचे ठरवले, तर त्याला रोज आठ लिटर दूध प्यावे लागेल, आणि तेही बहुतांशी पडल्या पडल्या! त्यातले थोडे वर आले तर नवल नाही. म्हणजे बहुतेक निरोगी बाळांत दूध वर येण्याचा पचनाशी संबंध नसतो. वर आलेले दूध फाटलेले दिसते, त्यावरून घरात 'पचले नाही' असा निष्कर्ष निघतो. वास्तविक जठरात दूध फाटणे ही पचनाची सुरुवात आहे.

पहिले विधान येथेच लंगडे पडते.

गुण आला, पण कशाने?

दुसऱ्या विधानाच्या बाजूने घरोघरी साक्षीदार मिळतात. "आमच्या बाळाला पेज सुरू केली आणि महिन्याभरात ओकणे थांबले." हे साक्षीदार खोटे बोलत नाहीत. मात्र त्यांच्या अनुभवातून काय सिद्ध होते, हा वेगळा प्रश्न आहे.

अमेरिकेत शिकागो परिसरातील तेरा महिन्यांपर्यंतच्या ९४८ निरोगी बाळांच्या पालकांची पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. दिवसातून एकदा तरी दूध काढणाऱ्या बाळांचे प्रमाण तीन महिन्यांपर्यंत सुमारे निम्मे होते. चौथ्या महिन्यात ते ६७ टक्के झाले. सहाव्या महिन्यात ६१ टक्के असलेले हे प्रमाण सातव्या महिन्यात एकदम २१ टक्क्यांवर आले, आणि दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत अवघे ५ टक्के राहिले.

या आकड्यांवर एक साधे गणित वर्गात करून पाहता येईल. शंभर बाळे घ्या. सहाव्या महिन्यात त्यांतली ६१ ओकत आहेत. समजा, आपण त्या ६१ बाळांच्या दंडाला काळा दोरा बांधला. महिन्याभराने २१ बाळे ओकत असतील. म्हणजे ६१ पैकी ४० आया, दर तिघींत जवळजवळ दोघी, शपथेवर सांगतील की दोऱ्याने गुण आला. पाहणीतील सहा महिन्यांची आणि सात महिन्यांची बाळे वेगवेगळी होती, म्हणून हे गणित ढोबळ आहे. पण मुद्दा त्याने बदलत नाही. जे दुखणे आपोआप ओसरते, त्यावर कोणताही उपाय उताराच्या तोंडावर केला की तो लागू पडल्यासारखा दिसतो. आणि घरचे लोक उपाय करतात तो नेमका त्रास शिगेला पोचल्यावर, म्हणजे उतार लागण्याच्या बेतातच.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. सहाव्या-सातव्या महिन्यात बाळ बसू लागते आणि त्याच सुमारास वरचे अन्नही सुरू होते. त्यामुळे उतार वयाने लागला की अन्नाने, हे अशा पाहणीतून ठरवता येत नाही. त्यासाठी दोन गट करून तुलनाच करावी लागते.

मोजले काय?

अशा तुलना झालेल्या आहेत. १९८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वीस बाळांना एकदा साधे पावडरीचे दूध आणि एकदा तांदळाचे तयार पीठ मिसळून घट्ट केलेले दूध देण्यात आले. घट्ट दुधानंतर ओकणे कमी झाले, रडणेही कमी झाले. पण त्याच वेळी दुधात अत्यल्प किरणोत्सारी खूण मिसळून जठरातून अन्ननलिकेत दूध किती चढते हेही पाहिले होते. त्यात फरक पडला नव्हता! दूध पूर्वीइतकेच वर चढत होते, फक्त तोंडाबाहेर कमी येत होते.

२०१७ साली कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी सहा महिन्यांपर्यंतच्या बाळांवरील आठ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. बाळे होती ६३७. घट्ट केलेल्या दुधाने दिवसाकाठी सुमारे दोन गुळण्या कमी होतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. दुसरे विधान काही अंशी खरे आहे. पण या चाचण्या प्रामुख्याने बाटलीने पावडरीचे दूध पिणाऱ्या, पूर्ण दिवसांच्या बाळांवर झाल्या होत्या. अंगावर पिणाऱ्या बाळाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. आईचे दूध काढून त्यात तांदळाचे पीठ घातले, तर ते नीट घट्ट राहतही नाही, कारण आईच्या दुधात पिष्ट पदार्थ फोडणारे अमायलेज हे विकर असते. सल्ला देणाऱ्या पुस्तकात यातले काहीही नव्हते.

दोन गुळण्यांची किंमत

आता तिसरे विधान. लाळेरे कोरडे राहिले, हा फायदा कोणाचा? मुख्यतः धुणे धुणाऱ्याचा. तोही फायदा क्षुल्लक नव्हे. पण त्याची किंमत पाहिली पाहिजे.

अमेरिकेतील अभ्यासात ३० मिलिलिटर दुधात चमचा म्हणजे १५ मिलिलिटर मापाचे पीठ घातले होते. एवढ्याने दुधाचे उष्मांक दीडपटीहून अधिक होतात. आपल्याकडची पातळ पेज याच्या अगदी उलट. आईच्या दुधातली जवळजवळ निम्मी ऊर्जा स्निग्धांशातून येते; पेजेत स्निग्धांश नाममात्र आणि पाणीच फार. पेजेने पोट भरते, बाळ तेवढे दूध कमी पिते, आणि आई पाजते कमी म्हणून तिचे दूधही कमी होत जाते. मग 'दूध पुरत नाही' म्हणून बाटली येते. दूध तोडायचे कोणी ठरवलेले नसते, तरी ते तुटते.

त्याने काय बिघडते, याचे उत्तर दक्षिण ब्राझीलमधील दोन शहरांत मिळाले. तेथील अर्भकमृत्यूंचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळांच्या तुलनेत, आईचे दूध अजिबात न मिळणाऱ्या बाळांना जुलाबाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १४ पट होता. आईच्या दुधाबरोबर वरचे दूध घेणाऱ्या बाळांतही तो सुमारे चौपट होता. पाणी आणि स्वच्छता जेथे बेभरवशाची, तेथली ही गोष्ट आहे; पण आपल्याकडच्या किती वस्त्यांत ती भरवशाची आहे? जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून पहिले सहा महिने केवळ आईच्या दुधाची शिफारस केली आहे, ती उगीच नव्हे. बालकांच्या दुग्धपर्यायांविषयीच्या १९९२ च्या भारतीय कायद्यातही २००३ च्या दुरुस्तीनंतर बालअन्नाची व्याख्या सहा महिन्यांनंतर देण्याचे अन्न अशीच आहे.

पटणारे कारण धोक्याचे असते

एवढ्या लहान सल्ल्याची एवढी चिरफाड कशासाठी, असे वाचकांना वाटेल. त्यासाठी ओकणाऱ्या बाळाविषयीचाच आणखी एक सल्ला पाहू.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनाचे पुस्तक १९४६ साली निघाले आणि जगभर त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. आईबापांना धीर देणारे, प्रेमळ पुस्तक म्हणून त्याचे मोल मोठे आहे. पण १९५० च्या दशकाच्या मध्यापासून त्याच्या आवृत्त्यांत बाळाला पालथे निजवावे असा सल्ला आला. एक कारण असे दिले होते, की उताणे बाळ ओकले तर ती ओकारी श्वासमार्गात अडकेल. हे कारण कोणालाही पटावे असेच आहे.

शरीररचना मात्र वेगळे सांगते. बाळ उताणे असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचे तर चढ चढावा लागतो. पालथ्या बाळात श्वासनलिका खाली येते. शिवाय पालथे निजणाऱ्या बाळांत झोपेतील अचानक मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचा पुरावा जमत होता. २००५ साली ब्रिटनमधील संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र तपासले. १९७० च्या सुमारासच हा धोका ओळखता आला असता आणि तसा आढावा वेळेवर घेतला असता तर ब्रिटनमध्ये १०,००० हून अधिक, आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलेशिया मिळून किमान ५०,००० बाळांचे मृत्यू टळले असते, असा त्यांचा अंदाज आहे. १९८७ मध्ये नेदरलँड्सने, १९९१ मध्ये ब्रिटनने आणि १९९४ मध्ये अमेरिकेने उताणे निजवण्याची मोहीम काढली. अमेरिकेत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, आणि ओकारीने गुदमरण्याचे मृत्यू वाढले नाहीत. स्पॉक यांच्या पुस्तकातला सल्लाही पुढे बदलला.

स्पॉक यांची कळकळ खोटी नव्हती. चूक एवढीच झाली, की पटणाऱ्या कारणालाच पुरावा मानले गेले. आपल्या शेजारणीच्या पुस्तकाची चूक तीच आहे.

काय करावे?

बाळ खेळते आहे, वजन वाढते आहे, तर पाजत राहावे. बाटलीने पाजत असल्यास एका वेळी थोडे कमी द्यावे. पाजल्यावर काही वेळ उभे धरावे, लंगोट पोटावर घट्ट बांधू नये, घरात कोणी विडी-सिगारेट ओढू नये. निजवावे ते उताणेच. मात्र ओकारी हिरवी असेल, तिच्यात रक्त असेल, ती पिचकारीसारखी जोरात उडत असेल, वजन वाढत नसेल, पोट फुगले असेल, बाळ मलूल असेल किंवा ओकणे सहा महिन्यांनंतर नव्यानेच सुरू झाले असेल, तर ती साधी गुळणी नव्हे. तेव्हा विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. दूध घट्ट करायचे की नाही हेही डॉक्टरांनी बाळ पाहून ठरवावे.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना शिक्षकांनी हा विषय जरूर द्यावा. घरी ऐकलेला एखादा 'हमखास' उपाय निवडायला सांगावा आणि तीन प्रश्न विचारायला लावावेत: काही न करताही हे बरे झाले असते का? तुलना कोणाशी केली? आणि मोजले ते नेमके काय?

त्या शिक्षिकेने आमचे ऐकले. दूध काढून ठेवून त्या शाळेत जाऊ लागल्या. सहा महिने पुरे झाल्यावर घरात थाटाने उष्टावण झाले, मऊ भात सुरू झाला आणि पुढच्या महिन्यात बाळाचे ओकणे थांबले. "बघ, मी म्हणत होते ना, पोटात अन्न गेले की थांबेल," सासूबाई म्हणाल्या. आम्ही काही बोललो नाही. एका बाळावरून त्यांना चूक ठरवता आले नसते, आणि बरोबरही.