बकलिंगचे संगणकीय प्रतिरूपण : एका अध्यापनपद्धतीची चिकित्सा

प्रास्ताविक :

पोलादाची बारीक पट्टी उभी धरून तिच्यावरील दाब वाढवीत नेला, तर ती चिरडण्याच्या कितीतरी आधी एका बाजूस वाकते. या घटनेस बकलिंग म्हणतात. लिओनार्ड ऑयलर याने १७४४ मध्ये तिचे गणित मांडले. आज हा विषय अ‍ॅन्सिस, अबॅकस यांसारख्या संगणकप्रणालींच्या साहाय्याने शिकविला जातो. साधन बदलले याविषयी आक्षेप घेण्याचे कारण नाही. मात्र त्या साधनाने विद्यार्थ्यास नेमके काय शिकविले, याचा विचार होणे आवश्यक आहे.

प्रचलित पद्धती व तिचे गुण :

सरावपाठाचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आकृती काढावी, द्रव्याचे गुणधर्म भरावेत, घटकांची जाळी पाडावी, टोकांचे आधार ठरवावेत, एक न्यूटन भार द्यावा आणि रेषीय आयगेन मूल्य विश्लेषण चालवावे. पडद्यावर वाकलेला रंगीत आकार आणि एक गुणक उमटतो. भार एक न्यूटन असल्याने तो गुणक हाच बकलिंगचा भार ठरतो. पुस्तकातील सूत्राशी तो जुळला की प्रयोग पूर्ण झाला, असे मानले जाते.

या पद्धतीचे गुण नाकारता येत नाहीत. १ मीटर लांब, २५ मिमी रुंद व ५ मिमी जाड पोलादी पट्टीची दोन्ही टोके बिजागरीची असतील, तर ऑयलरचा भार सुमारे ५१४ न्यूटन, म्हणजे जेमतेम ५२ किलोचे वजन, इतका येतो. पोलादाचे नतिसामर्थ्य २५० न्यूटन प्रति चौरस मिमी धरल्यास हीच पट्टी निव्वळ दाबाने ३१,२५० न्यूटनपर्यंत टिकावी. साठपटीचा हा फरक, किंवा टोके घट्ट बांधताच भार चौपट होणे, विद्यार्थ्यास काही मिनिटांत अनुभवता येते. परंतु प्रत्यक्ष जोड बिजागरीसारखा वागतो की घट्ट बांधल्यासारखा, हे प्रणाली सांगत नाही. तो निर्णय विद्यार्थ्याचाच असतो.

मूळ उणीव :

उत्तर सूत्राशी जुळले म्हणजे ते खरे ठरले, हा समज या पद्धतीतील मुख्य दोष होय. सूत्र आणि रेषीय विश्लेषण ही दोन्ही एकाच गृहीतावर उभी आहेत : स्तंभ पूर्णतः सरळ आहे आणि भार तंतोतंत मध्यावर आहे. एकाच गृहीताची दोन रूपे परस्परांशी जुळली, तर त्यातून आकडेमोड बिनचूक असल्याचे सिद्ध होते. वास्तवाविषयी काहीच सिद्ध होत नाही. उपरोक्त पट्टीस आरंभीच मध्यभागी केवळ १ मिमी बाक असेल, तर ऑयलरच्या निम्म्या भारास तो सुमारे २ मिमी आणि नव्वद टक्के भारास सुमारे १० मिमी होतो. प्रत्यक्षातील पट्टी पहिल्या क्षणापासूनच वाकत असते.

शिवाय गुणक एकच असला तरी त्याचा अर्थ रचनेनुसार बदलतो. कडांना आधार असलेला पातळ पत्रा फुगल्यानंतरही अधिक भार पेलू शकतो. सडपातळ स्तंभ त्या भारापाशी जवळजवळ थबकतो. अक्षीय दाबाखालील पातळ नळकांडे मात्र त्या भारापर्यंत पोहोचण्यापूर्वीच एकाएकी चेपते. व्हॉन कार्मान आणि त्सिएन यांनी १९४१ मध्ये, तर कॉइटर याने १९४५ च्या आपल्या डच प्रबंधात, या वर्तनाची मीमांसा केली. नासाच्या १९६० च्या दशकातील संकल्पन-निर्देशानुसार, त्रिज्या जाडीच्या १००० पट असलेल्या नळकांड्यासाठी सैद्धांतिक भाराचा सुमारे ०.२२ इतकाच अंश ग्राह्य धरला जातो. पडद्यावरील गुणक यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

आपल्याकडील विसंगती अधिक लक्षणीय आहे. आय.एस. ८०० : २००७ या भारतीय मानकात स्तंभांसाठी चार वक्र दिले असून त्यांचे वैगुण्य गुणक ०.२१, ०.३४, ०.४९ व ०.७६ असे आहेत. पोलादी संकल्पनाच्या तासाला विद्यार्थी ते वापरतो आणि संगणक प्रयोगशाळेत निर्दोष स्तंभाकडे परततो. या दोहोंची सांगड घालून देणे हे अध्यापकाचे काम आहे.

हार्टफर्डचा धडा :

हा वाद केवळ शैक्षणिक नाही. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील सिव्हिक सेंटरचे सुमारे ९१ बाय ११० मीटरचे पोलादी छत संगणकाच्या आधारे संकल्पित झाले होते. ते उचलून अंतिम जागी बसविल्यानंतर मोजलेला झोल गणिताने दिलेल्या झोलाच्या सुमारे दुप्पट भरला. तथापि असा फरक अपेक्षितच असतो, असे मानून काम पुढे नेले गेले. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराखाली ते कोसळले. काही तासांपूर्वीच तेथे सुमारे पाच हजार प्रेक्षक बास्केटबॉलचा सामना पाहत होते. दाबाखालील वरच्या दांड्यांना गणितात जेवढा बाजूचा आधार गृहीत धरला होता, तेवढा प्रत्यक्षात नव्हता, असे चौकशीत आढळले. पडझडीचा नेमका आरंभ कोठे झाला याविषयी तज्ज्ञांत मतभेद राहिले. परंतु मोजमाप गणिताला विरोध करीत असताना गणितावर विश्वास ठेवला गेला, हे निर्विवाद आहे.

समारोप :

यावर उपाय खर्चिक नाही. प्रणाली उघडण्यापूर्वी विद्यार्थ्याने हाताने अंदाज काढावा. आधार बदलून उत्तर किती हलते ते नोंदवावे. रेषीय विश्लेषणातून मिळालेला आकार अल्प प्रमाणात मूळ आकारात मिसळून अरेषीय विश्लेषण करावे. आणि शेवटी खरी पट्टी दाबून पाहावी. चारही उत्तरे भिन्न येतील. त्या भिन्नतेचे कारण विद्यार्थ्याने लेखी मांडावे आणि गुण त्या कारणमीमांसेस द्यावेत. तास अपुरे पडतात, ही अडचण खरी आहे. म्हणून दहा सरावपाठांऐवजी तीनच घ्यावे लागले तरी चालतील. झोल दुप्पट का आला, असा प्रश्न विचारण्याची सवय प्रयोगशाळेत लागली नाही, तर ती पुढे बांधकामाच्या जागी लागेल अशी अपेक्षा धरणे व्यर्थ होय.